पलीकडे कोणी नाही

सकाळी जर्दाळू पसरायला बाल्कनीत गेले आणि पलीकडच्या चौकीवर झेंडा दिसेना. आधी वाटलं, चष्मा पुसायचा राहिलाय. डोक्याच्या रुमालाला पुसला, पुन्हा लावला. नदी होती, नदीपलीकडचा कच्चा रस्ता होता, चौकीच्या मातीच्या भिंती होत्या, झेंड्याची काठीसुद्धा होती. काठीवर काही नव्हतं. वीस वर्षांत त्या फडक्याकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं आणि आता ते नाही म्हटल्यावर जर्दाळूंची परात हातात धरून तशीच उभी राहिले. खोरोग शहराच्या अगदी टोकाला, जिथे आमची गुंत नदी मोठ्या प्यांजला मिळते, तिथे आमची चार मजली इमारत आहे. बाजारातले लोक म्हणतात, बाई, तुमच्या घरातून परदेश दिसतो. दिसतो खरा. परदेशातल्या बाया धुणं वाळत घालताना दिसतात, परदेशातलं गाढव ओरडलं की माझी झोप मोडते. शेजारच्या बाल्कनीतून झरागुलने मान बाहेर काढली. ती केव्हाची माझीच वाट बघत असणार. "बघितलंत ना बाई? पळाले सगळे!" "कोण पळाले?" "तिकडचे, काबूल सरकारचे शिपाई हो. अमेरिकन चालते झाले, मग ह्यांना कोण विचारतंय? आता दाढीवाले आपल्या डोळ्यांसमोर बसून चहा पिणार. मी तर म्हणते, भाचीचं लग्न पुढे ढकलावं." "का? त्यांना आमंत्रण दिलंयस का तू?" झरागुल हसली नाही. "तुम्हाला सगळ्याचीच थट्टा. रशियन असते ना आपल्या किनाऱ्यावर, तर मला काही वाटलं नसतं," ती म्हणाली आणि आत गेली. दुपारी पाहिलं तर काठीवर दाढीवाल्यांचं पांढरं फडकं होतं.

रशियन असते तर. हे वाक्य त्या आठवड्यात मी भाकरीच्या दुकानात ऐकलं, दवाखान्यात ऐकलं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात येऊन गेलं. मी वाढले ती ह्याच किनाऱ्यावर, शहरापासून थोडं खाली असलेल्या गावात. तिथे रशियन सीमारक्षकांची चौकी होती आणि आमच्या सगळ्या बालपणाला त्या चौकीचा वास होता: डिझेल, बुटांचं पॉलिश आणि कोबीचं सूप. रविवारी त्यांच्या भिंतीवर सिनेमा दाखवत. एक लठ्ठ हवालदार आम्हाला डब्यातलं गोड दूध बोटावर घालून चाटायला द्यायचा. शाळेत आम्हा मुलांचं पथक होतं, सीमारक्षकांचे छोटे दोस्त. गावात अनोळखी माणूस दिसला की धावत जाऊन चौकीवर सांगायचं, हे आमचं काम. किनाऱ्यालगतचा वाळूचा पट्टा शिपाई रोज विंचरून ठेवत, कोणाचं पाऊल उमटलं तर कळावं म्हणून. पलीकडे बघून हात हलवायला बंदी होती. बघायला बंदी नव्हती, कारण डोळे कुठे वळतात ते कोण तपासणार. वर्गातल्या नकाशात नदीच्या खाली नुसता फिकट कागद होता, गाव नाही, डोंगर नाही. पुढे मी स्वतः भूगोल शिकवायला लागले तेव्हाही तोच नकाशा होता. मी मुलांना प्यांजची लांबी सांगायची, तिला मिळणाऱ्या नद्या सांगायची आणि छडी त्या फिकट जागेला लागणार नाही अशी बेताने फिरवायची. खिडकीतून तीच जागा हिरवीगार दिसत असायची.

त्या हिरव्या जागेत एक छप्पर होतं, शेवटच्या अक्रोडाच्या झाडामागे. ते माझ्या आत्याचं. बाबांची थोरली बहीण, खुशकदम. नदी जेव्हा नुसती नदी होती तेव्हा फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यावर बसून ती सासरी गेली. माहेर समोरच, हाकेच्या अंतरावर. बाबा तेव्हा लहान होते, तराफ्यामागे पाण्यात शिरले म्हणून त्यांना मार बसला होता. मग सीमा बंद झाली आणि आत्या हाकेच्या अंतरावरच राहिली, फक्त हाक मारायची नाही. बाबांचं शेत नदीकडे उतरतं. पाण्याचा पाट दुरुस्त करायच्या निमित्ताने ते तासन्‌तास तिथे असत. तो पाट फुटलेला मी कधी पाहिला नाही. घरी आले की आईला हळूच सांगत, "आज चूल उशिरा पेटली." कधी, "आज धूर जास्त होता, पाहुणे असतील." एवढीच बातमी. आई मान हलवायची आणि दुधाच्या चहात लोण्याचा गोळा सोडायची. मी विचारलं, कोणाची चूल, तर आई चहाचा वाडगा पुढे सरकवायची; खरं कळलं ते मोठेपणी. बाबा वारले ते एकोणऐंशीच्या हिवाळ्यात, आणि जायच्या आदल्या आठवड्यापर्यंत ते काठी टेकत पाटावर जात होते.

पुढे रशियनांबरोबरचा मोठा देश मोडला, यादवी झाली, पीठ मदतीच्या ट्रकांतून यायला लागलं, आणि शेवटी शहराजवळ तेम वस्तीपाशी नदीवर पूल झाला. पलीकडे तेव्हा अमेरिकन आले होते आणि सगळीकडे पूलच पूल व्हायचे दिवस होते. पुलाजवळ शनिवारचा बाजार भरायचा. तिकडचे लोक यायचे, जिरं, कापड, चिनी थर्मास घेऊन. पहिल्याच महिन्यात मी गेले आणि एका थर्मासवाल्याला आत्याचं नाव विचारलं. पुढच्या शनिवारी तो एका म्हातारीला हाताला धरून घेऊन आला. बाबांचंच नाक, बाबांचंच कपाळ, फक्त बाईच्या चेहऱ्यावर. तिने माझे हात चुंबले, डोळ्यांना लावले, मी तिचे चुंबले, आणि मग ती पहिलं काय बोलली असेल? "त्याच्या गुडघ्याला काय झालं होतं गं?" मला कळेना. ती म्हणाली, "काठी घेऊन यायचा ना पाटावर. आधी डावा पाय ओढायचा, मग काठी आली. मी म्हणायचे, ह्याला कोणी तेल लावून देत नाही का. आणि एका हिवाळ्यापासून आलाच नाही." चौऱ्याहत्तरचा पाऊस, माझ्या आईचा हिरवा रुमाल, आमचा मेलेला बैल, सगळं तिला माहीत होतं. तिनेही आमच्या चुलीचा धूर मोजला होता. आम्ही दोघी त्या बाजारात कांद्याच्या पोत्यांवर बसून एवढ्या रडलो की शिपायांनी आम्हाला चहा आणून दिला. सात वर्षं शनिवार मिळाले, मग आत्या वारली. माझ्या आयुष्यातले तेच दिवस मला कोणी परत दिले तर बाकीचे मी फुकट देऊन टाकीन. देश मोडला तरी सीमेवर राहिलेले रशियन त्या सात वर्षांच्या मध्येच गेले. बँड वाजला, शिपाई गाड्यांत चढले, माझे यजमान इमोमयोर चौकीचे ड्रायव्हर होते, त्यांनी शेवटची गाडी धुऊन दिली. गावातल्या बाया रस्त्यावर उभ्या राहून रडल्या. मीही रडले. ज्यांनी आम्हाला जन्मभर हात हलवू दिला नाही त्यांच्यासाठी आम्ही रुमाल भिजवत होतो, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, आता आपल्याला राखणार कोण?

हे सगळं मी पांढऱ्या फडक्याकडे बघत आठवत बसले होते आणि जर्दाळूंवर माश्या बसल्या होत्या, तेव्हा दार वाजलं. दारात चोविसेक वर्षांचा पोरगा, अंगात नवाकोरा खेळाडूंचा पोशाख, घडीसुद्धा मोडली नव्हती, पायात सपाता. मी काही विचारायच्या आत त्याने वाकून माझा हात चुंबला आणि दोन्ही डोळ्यांना लावला. "ओशुरमो आत्या ना तुम्ही? मी नियाज. खुशकदमचा नातू." नाकाची ओळख पटायला मला दुसरं काही लागलं नाही. छोट्या दोस्तांच्या पथकातली मुलगी मात्र माझ्या आत दचकून उभी राहिली: अनोळखी माणूस, धाव, चौकीवर सांग. चौसष्टाव्या वर्षीही ती मेलेली नाही ह्याचं मला हसू आलं आणि भीतीही वाटली. मी त्याला आत ओढला आणि दार लावलं. तो पलीकडच्याच एका चौकीवर शिपाई होता. अमेरिकन गेल्यावर आधी पगार थांबला, मग गोळ्या, मग पीठ. शेवटी त्यांच्या साहेबाने सांगितलं, पोरांनो, घरी जा, आणि स्वतः आधी गेला. घरी जायची सोय नव्हती. गावात नवे मालक येऊन बसले होते आणि शिपायांची नावं विचारत होते. म्हणून सगळे नदीत उतरले. इकडे आल्यावर त्यांना जेवण मिळालं, कपडे मिळाले आणि विमानात बसवून काबूलला परत धाडायची तयारी सुरू झाली. नियाज तिथून निसटला आणि आजीने सांगितलेल्या खुणांवरून माझं दार शोधत आला. "दुशांब्याला पोचलो की पुढे मॉस्को," तो म्हणाला. "तिथे गावातली पोरं आहेत." मी त्याच्यापुढे चहा ठेवला, भाकरी मोडून आत टाकली, मीठ, लोणी. त्याने वाडगा तोंडाला लावला आणि थांबला. "आजी असाच करायची," म्हणाला. मग त्याला लवकर जाऊ द्यायला माझं मन कुठलं होणार!

पण तयारी तर करायलाच हवी होती. राजधानीचा, दुशांब्याचा रस्ता लांब, वाटेत नाकी, नाक्यांवर खालच्या मैदानी मुलखातले शिपाई. राखीव दलाची माणसं बोलावली होती, चिलखती गाड्या रस्त्याने धडधडत जात होत्या, रशियन सरावाला परत येणार म्हणून झरागुल खुशीत होती. अशात पलीकडचा माणूस लगेच ओळखू येतो. तो फार अदबशीर असतो. कोणीही आलं, अगदी परकं असलं, तरी उठतो, हात चुंबतो, मान खाली घालतो. मी भूगोलाची मास्तरीण, मी वर्ग सुरू केला. "ऊठ. बस. मी आले तरी बसून राहा. पाय पसर. अजून पसर, इकडचा आहेस तू, सरकारने वाढवलाय तुला." तो लाजून लाल. "आत्या, तुमच्यासमोर पाय कसे पसरू?" "मी आत्या नाही, मी नाक्यावरचा शिपाई आहे. हात पुढे केला तर काय करायचं? नाही! चुंबायचा नाही! दाबायचा, हलवायचा, सोडायचा. रशियनांसारखा." रुस्लानचे, म्हणजे माझ्या मॉस्कोतल्या लेकाचे, जुने बूट त्याला दिले, ते बरोबर बसले. रशियनमधला रामराम शिकवला. आणि सगळ्यांत महत्त्वाचा धडा शिकवला तो बाबांनी मला शिकवलेला. मी शाळेत नोकरीला लागले तेव्हा एका खोलीत बोलावून एका माणसाने विचारलं होतं, "पलीकडे कोणी आहे?" मी म्हणाले, "पलीकडे कोणी नाही." त्या दिवशीही अक्रोडामागे धूर होता. "खोटं बोलताना," मी नियाजला सांगितलं, "समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, खाली तर मुळीच बघायचं नाही. कपाळाकडे बघायचं. आवाज सपाट. किती वाजले विचारलंय असं समजून उत्तर द्यायचं. बोल, इथे तुझं कोण आहे?" तो माझ्या कपाळाकडे बघायचा आणि त्याचे ओठ थरथरायचे. "कोणी नाही," म्हणायचा आणि लगेच, "माफ करा, आत्या." मी म्हणायची, नापास.

बटाट्याच्या ट्रकचा एक ओळखीचा ड्रायव्हर गुरुवारी निघणार होता. तो न्यायला तयार होता. मी त्याला सांगितलं, पोरगा अजून तयार नाही, पुढच्या खेपेला बघू. आणि खरंच तयार नव्हता का? हात दाबायला तर तो शिकला होता. पण सकाळी उठून दोन वाडगे काढायचे, संध्याकाळी त्याने आत्याच्या गोष्टी सांगायच्या, ती म्हातारपणी कशी कोंबड्यांशी रशियनमध्ये बोलायची, शनिवारच्या बाजारातून शिकून. माझ्यासाठी विणलेल्या मोज्यांची एक जोडी कशी अर्धीच राहिली. इमोमयोर गेल्यापासून ह्या घरात कोणी दुसऱ्या खोलीतून मला हाक मारली नव्हती. मी धडे लांबवत होते. मला कळत होतं आणि मी लांबवत होते.

शोदमोन आला तो रविवारी सकाळी. आमच्या वस्तीचा पोलीस, माझाच विद्यार्थी, कच्चा होता भूगोलात. महिन्यातून एकदा तो चहाला येतोच, त्यात विशेष काही नव्हतं. नियाजला लपवायला वेळ मिळाला नाही. पण मी घाबरले नाही, माझा वर्ग झालेला होता. "हा यजमानांच्या पुतणीचा मुलगा. दुशांब्याला वाढलाय," मी म्हणाले. शोदमोन हसत पुढे आला, हात पुढे केला आणि आमच्यात करतात तसा चुंबण्यासाठी खाली वाकला. नियाजने तो हात धरला, दाबला, एकदा हलवला, सोडला. रशियनमध्ये रामराम केला. आणि खाली बसला, पाय पसरून. शोदमोन तसाच अर्धवट वाकलेला राहिला. घरात, चुलीपाशी, वडीलधाऱ्या बाईसमोर, आपल्याच माणसाचा हात आमचा कोणताही पोरगा असा सोडत नाही. मॉस्कोत दहा वर्षं घालवून आलेलाही नाही. हे मला माहीत नव्हतं का? मी नाक्यावरच्या परक्यांसाठी त्याला घडवत राहिले आणि आपलं माणूस घरी आलं तर काय करायचं ते सांगायला विसरले.

शोदमोन हळूहळू ताठ झाला. चटईवर बसला. "बाई, दुशांब्याला माझे तीन भाऊ वाढलेत," तो म्हणाला. मी चहा ओतत होते, तो बशीत सांडला. "नदीतून आलेला आहे ना?" मी बशी पुसू लागले. नियाजचे पाय आपोआप आखडले गेले होते, मांडी घालून, मान खाली. इतक्या दिवसांची मेहनत वाया. "बाई, हे तुम्ही काय करून बसलात? खाली सगळीकडे शोधतायत. आज मी आलो म्हणून, उद्या दुसरं कोणी आलं असतं तर?" "तू नाही आलास असं समज." "झरागुलने मला जिन्यात विचारलं, बाईंकडचा पाहुणा कोण म्हणून. अख्ख्या इमारतीला माहिती आहे." त्याने कपाळावरचा घाम पुसला. त्याला माझ्याबद्दल खरंच वाईट वाटत होतं, ते बघून मला त्याचा अधिकच राग आला. मग तो म्हणाला, "एक करता येईल. ज्यांच्यासाठी इथलं रक्ताचं कोणी उभं राहतं त्यांना विमानात घालत नाहीयेत, छावणीत ठेवतायत. निदान आत्तापर्यंत तरी. पण जो उभा राहील त्याला पहिला प्रश्न, लपवलं का? मग घराची झडती, चौकशी. रुस्लानला कागदपत्रांसाठी इकडे यावं लागतं ना दरवर्षी? त्यालाही बोलावतील. तुम्ही विचार करा." नियाजने हे सगळं ऐकलं. मी म्हणाले, "विचार करायला काय आहे? बूट घालते."

शोदमोनच्या जीपमध्ये मी आणि नियाज मागे बसलो. नदीकाठचा रस्ता, डावीकडे पाणी. आमच्या गावाजवळून गेलो तेव्हा मी नियाजला कोपराने ढोसलं, "तो बघ पाट." तो बघत राहिला. मला एकदम हलकं वाटत होतं, वेड्यासारखं हलकं. बाबांना जे जमलं नाही, मला जे चाळीस वर्षं जमलं नाही, ते मी आज मोठ्याने बोलणार होते, एका कचेरीत, वर्दीतल्या माणसासमोर: हा माझा आहे. मला वाटत होतं, आत्या कुठून तरी बघत असेल तर म्हणेल, उशिरा का होईना, पेटली चूल.

ठाण्यातला कप्तान मैदानी मुलखातला, तरुण, डोळे झोपेने सुजलेले. मला त्याने खुर्ची दिली. मी बसले नाही. "हा माझा भाचा," मी म्हणाले. "माझ्या सख्ख्या आत्याचा नातू. मी त्याला घरात ठेवलं, मी लपवलं. जे काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा." कप्तानाने नियाजकडे पाहिलं. "ह्या तुझ्या कोण?" नियाजने मान वर केली. त्याने कप्तानाच्या कपाळाकडे पाहिलं. "ओळखत नाही, साहेब. दार उघडं दिसलं, भाकरी मागायला शिरलो." ओठ थरथरले नाहीत. आवाज सपाट. "खोटं बोलतोय तो!" मी ओरडले. "नाक बघा त्याचं! त्याच्या आजीचं नाव खुशकदम, विचारा त्याला!" "आजीचं नाव?" कप्तानाने विचारलं. "गुलंदाम," नियाज म्हणाला. शोदमोन खिडकीबाहेर बघत होता. मी त्याचा दंड धरला, "तू सांग ना रे!" तो पुटपुटला, "मी काय सांगू बाई, मला कुठे काय माहिती आहे." मी परत नियाजसमोर गेले, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कप्तानाला न समजणाऱ्या आमच्या डोंगरी भाषेत म्हणाले, "अरे गाढवा, ते तुला परत धाडतील. तिथे तुला मारतील. मी म्हातारी आहे, मला काय करणार आहेत? म्हण, आत्या म्हण." त्याने माझे हात हळूच बाजूला केले आणि माझ्या खांद्यावरून कप्तानाला म्हणाला, "साहेब, ह्यांना घरी पोचवा. म्हातारी माणसं कोणालाही आपलं म्हणतात."

त्याला आतल्या खोलीत नेलं. रुस्लानचे बूट फरशीवर वाजत गेले. बाबा गेले तेव्हा मी रडले नव्हते, बातमी पलीकडे पोचेल म्हणून आईने तोंडात रुमाल कोंबायला लावला होता. आता मी त्या ठाण्याच्या बाकावर बसले आणि मोठ्याने, गळा काढून, त्याचं आणि आत्याचं नाव घेऊन रडले. कप्तान थोडा वेळ कागद चाळत राहिला, मग शोदमोनला म्हणाला, "आजींना घरी सोडून ये. ऊन फार आहे."